दुसऱ्याच्या गॅरेजात जोडलेली सेव्हन कशी सांभाळायची

गाडी मिल्टन कीन्सच्या घरी आणली त्या संध्याकाळी मी कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. आण्णांचं सगळं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं. फोन गाडीभोवती फिरवून मी त्यांना लांबलचक नाक दाखवलं, उघडी चाकं दाखवली, बॉनेट काढून इंजिन दाखवलं. वाटलं, आता विचारतील केवढ्याला पडली, पळते किती. त्यांनी विचारलं, "जोडली कुणी?"

घरी जोडलेल्या गाडीबद्दल विचारावा असा पहिला प्रश्न हाच आहे, आणि पुढची सगळी देखभाल त्यावरच ठरते. माझी गाडी केटरहॅम सेव्हन, ब्रिटनमधली छोटी, उघडी स्पोर्ट्स कार. १९९९ साली एका भूगोलाच्या मास्तरांनी आपल्या एका गाडीपुरत्या गॅरेजात जोडलेली. मी तिचा तिसरा मालक. कंपनीत जोडलेल्या गाडीचा प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळला जातो आणि त्याची नोंद राहते. इथं तो आवळला एका माणसानं, बहुधा रविवारी दुपारी, चहा निवत असताना. म्हणून अशी गाडी मैल मोजून सर्व्हिसिंगला टाकून भागत नाही. तिच्यावर सतत डोळा ठेवावा लागतो.

घरी जोडायची पद्धत आली कुठून, तर करातून. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं १९५७ मध्ये सेव्हन आणली. तयार गाडीवर ब्रिटनमध्ये खरेदी कर बसायचा, सुट्या भागांवर नाही. पण सुट्या भागांसोबत जोडणीची माहिती दिली तर ती सवलत जायची. मग म्हणे गाडी 'सुटी कशी करायची' त्याच्या सूचना द्यायचे, आणि गिऱ्हाइकानं त्या शेवटाकडून वाचायच्या. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. करात काही उरलं नाही तरी गाडी स्वतः जोडायची हौस मात्र राहिली ती राहिलीच.

आधी फाइल, मग गाडी

विकत घ्यायला गेलात की गाडीकडे बघायच्या आधी फाइल मागा. जोडणीच्या वेळचे फोटो, सुट्या भागांच्या पावत्या, मंजुरीच्या तपासणीचा कागद, नंतरचे सगळे एमओटी, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीचे दाखले. घरी जोडलेल्या गाडीला रस्त्यावर यायच्या आधी सरकारी तपासणी लागते. पूर्वी तिला एसव्हीए म्हणत, २००९ पासून आयव्हीए. पहिल्या खेपेला नापास झाल्याचा कागद फाइलमध्ये जपून ठेवलेला दिसला तर मी उलट खूश होतो. असला कागद ठेवणारा माणूस लपवाछपवी करणारा नसतो.

मग व्ही५सी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक. त्यातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. इंजिन बदललं असेल आणि पुस्तकात नोंद नसेल, तर ती नोंद आधी विकणाऱ्याकडून करून घ्या.

त्यानंतर खाली वाका आणि नट बघा. नायलॉक नटाच्या तोंडातून बोल्टाचे निदान दोन आटे बाहेर आलेले हवेत. बोल्ट आतच राहिला असेल तर नायलॉनच्या कड्यानं त्याला धरलेलंच नाही. नटांचे कोपरे गोल झालेत का? वायरी क्लिपांनी सरळ ओढल्यात की केबल टायनी कशाही बांधल्यात? कारागिराचा हात अशा ठिकाणी दिसतो. रंगाची चकाकी पैसे टाकून कुणालाही आणता येते.

पुण्याचा मावसभाऊ दर दिवाळीला विचारतो, आपल्याकडे अशी गाडी करता येईल का? भारतात गाडीचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली, गाड्या तपासणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास व्हावा लागतो. ती वाट कारखानदाराची, एका गॅरेजात एक गाडी जोडणाऱ्याची नव्हे. त्यानं इकडे यावं, मी चालवायला देतो.

पहिले दोन दिवस गाडी चालवायची नाही

हे ऐकायला जड जातं, मलाही गेलं. पण नवीन आणलेल्या सेव्हनचा पहिला शनिवार-रविवार पान्यांचा.

गाडी उचलताना जॅक तळाच्या पत्र्याला लावू नका. तो ॲल्युमिनियमचा असतो आणि पापडासारखा दबतो. पुढे सांगाड्याच्या आडव्या नळीखाली लाकडी ठोकळा ठेवून, मागे डी डियॉन नळीखाली, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या नळीखाली. चारी बाजूंना स्टँड लावले की नाक, बॉनेट, सीटा आणि मधल्या बोगद्याचं झाकण काढून बाजूला ठेवा. तासाभरात गाडी उघडी होते. साडेपाचशे किलोच्या आसपासची गाडी, मारुती ८०० पेक्षाही हलकी. तिच्यात लपायला जागाच नाही.

पान्यांचा घोळ आधी समजून घ्या. या गाडीत मिलिमीटर आणि इंच दोन्ही नांदतात. जुन्या इंग्रजी सस्पेन्शनचे बोल्ट इंचाचे, इंजिनाचे मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर छान बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की कोपरे खातो. १९ आणि पाऊण इंच मात्र जवळपास एकच. दोन्ही संच घ्या, आणि इंचवाल्यांच्या दांड्याला रंगीत टेप गुंडाळा.

आता क्रमानं. पुढच्या डाव्या चाकापासून सुरू करून गाडीला एक प्रदक्षिणा घालायची: विशबोन (चाक सांगाड्याला जोडणारे दांडे), शॉक ॲब्झॉर्बर, स्टिअरिंगचे टोकाचे सांधे, कॅलिपर. मग मागे डी डियॉन नळीला जागेवर धरणारे रेडियस आर्म आणि ए-फ्रेम, डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट. शेवटी सीट बेल्ट, स्टिअरिंग कॉलम, पेडल. दिसला नट की आवळ, असं करायचं नाही. आधी हलका जोर लावून तो हलतो का ते बघायचं आणि वहीत लिहायचं. मग जोडणीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला टॉर्क रेंचनं आवळायचं. ज्या नायलॉक नटाचं कडं सैल झालंय, म्हणजे नुसत्या बोटांनी जो शेवटपर्यंत फिरतो, तो फेकून द्या. नवा नट पैशापासरी मिळतो.

रबरी बुशातून (सांध्यातल्या रबराच्या पुंगळीतून) जाणारे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना कधीही पूर्ण आवळू नका. गाडी खाली चाकांवर येऊ द्या, तिचं वजन तिच्यावर येऊ द्या, मग शेवटचा जोर. नाहीतर रबर लटकत्या स्थितीत धरलं जातं, गाडी खाली आली की पिळलेलंच राहतं आणि वर्षभरात फाटतं. घरी जोडलेल्या गाड्यांत ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की बुश फाटलेला दिसला तर आधी तोच संशय घेतो.

आवळून झालं की रंगाच्या मार्करनं नटापासून बोल्टावरून पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पाना लावायचीही गरज नाही, टॉर्च पुरतो. माझ्या गाडीत पहिल्या फेरीत सात नट हलले. त्यातला एक ए-फ्रेमचा, आणि तो बोटांनी फिरला. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मास्तरांनी लावला होता, आवळायचा राहिला. चहा आला असंल."

खोटं बोलणारा काटा

दुसऱ्या महिन्यात रात्री ए५ रस्त्यानं टोस्टर गावाहून परतताना अंधार पडला म्हणून दिवे लावले आणि तापमानाचा काटा एकदम वर चढला. माझ्या पोटात गोळा. सेव्हनमध्ये पाणी थोडंसंच असतं, आणि माझ्या गाडीत बसवलेल्या रोव्हरच्या के-सिरीज इंजिनाचं हेड गॅस्केट जातं हे जगजाहीर. कडेला थांबलो, बॉनेटवर हात ठेवला. नेहमीसारखं गरम. दिवे बंद केले, काटा खाली. दिवे लावले, काटा वर. इंजिन तापलंच नव्हतं, विजेचं अर्थिंग गेलं होतं.

याचं कारण या गाड्यांच्या सांगाड्यातच आहे. नळ्यांवर पावडर कोटिंग असतं, आणि त्यातून वीज जात नाही. वायरीचा लग, म्हणजे टोकाचं धातूचं कडं, नुसता कोटिंगवर बोल्टानं दाबला, तर वीज बोल्टाच्या आट्यांतून कशीबशी वाट काढते. चार-पाच वर्षं चालतं, मग आटे गंजतात. इंडिकेटर लावला की दिवे मंदावणं, हॉर्न दाबला की पंखा अडखळणं, स्टार्टरचं रेंगाळणं, ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं. लोक बॅटरी बदलतात, मग अल्टरनेटर बदलतात, आणि दुखणं तिथंच राहतं.

तपासायला साधा मल्टीमीटर पुरे. डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लावा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. माझ्याकडे ०.९ आले. मग ब्लॉक ते सांगाडा आणि सांगाडा ते बॅटरी असं एकेक टप्प्यानं मोजत जायचं, म्हणजे व्होल्ट कुठं गळतात ते कळतं. सापडलं की बोल्ट काढा, लगच्या आकाराइतकंच कोटिंग खरवडून लखलखीत लोखंड उघडं करा, दातेरी वायसर घाला, आवळा आणि वरून ग्रीस फासा. ग्रीस शेवटी, उघड्या लोखंडाला पाणी लागू नये म्हणून. मी एका रविवारी अर्थिंगचे सगळे जोड असे केले. त्यानंतर माझा काटा खोटं बोललेला नाही.

पाणी आणि ऑइल

पाणी बदललं की हवा अडकते. गाडीचं नाक थोडं वर करा, हीटरचा नळ पूर्ण उघडा, सर्वांत उंचावरच्या नळीची क्लिप ढिली करून इंजिन चालू ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहा. वेगवेगळ्या जातीचं कूलंट एकमेकांत मिसळू नका. आधी कोणतं आहे हे फाइलवरून कळलं नाही तर सगळं धुऊन नवं भरा. रेडिएटर नाकात अगदी समोर असतो, दगड त्यालाच लागतात. त्यामुळे दर महिन्याला टॉर्च मारून जाळी बघायची.

ऑइल खालच्या खुणेवर आलं की 'चालतंय अजून' म्हणू नका. लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. ट्रॅकवर नेणार असाल तर पातळी वरच्या खुणेलाच हवी. टायमिंग बेल्ट मैलांवर नाही, वर्षांवर मोजा. ही गाडी वर्षाला दीड-दोन हजार मैलांपलीकडे जात नाही, पण रबर म्हातारं व्हायचं ते होतंच. मी चार वर्षांनी बदलतो. के-सिरीजमध्ये बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

फोर्डचा पाच गिअरचा टाइप ९ बॉक्स असेल तर त्याला खाली ऑइल काढायचा बूच नसतो. नवा मालक तासभर गाडीखाली तो शोधत पडतो. बाजूच्या भरायच्या भोकातून नळी घालून जुनं ऑइल सिरिंजनं ओढायचं आणि त्याच भोकातून नवं सांडेपर्यंत भरायचं, बस.

मागून येणारा आवाज

गिअर बदलताना मागून 'टक्' आला की ऐंशी टक्के वेळा ए-फ्रेमचा बुश. मोठी लोखंडी कांब ए-फ्रेम आणि डी डियॉन नळीच्या मध्ये घालून हलवून बघा. खेळ दिसला तर बदला, हे काम घरी होतं. उरलेल्या वेळा प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट किंवा डिफरन्शियलचे बुश. पुढच्या सांध्यांना ग्रीस निपल असतील तर वर्षातून दोनदा ग्रीस भरायचं आणि फाटलेलं रबरी टोपण लगेच बदलायचं. टोपण फाटल्यावर सांध्यात शिरणारी माती ग्रीसबरोबर उत्तम पॉलिशपेस्ट होते.

टायर आणि ब्रेक

टायरच्या हवेबद्दल पेट्रोल पंपावरच्या पोराचं ऐकू नका. हॅचबॅकला ३२ पीएसआय लागते म्हणून तो तितकी भरेल आणि तुमची गाडी साबणावर चालल्यासारखी चालेल. इतक्या हलक्या गाडीला टायर थंड असताना १८ ते २० पुरते. टायर झिजायच्या आधी कडक होतात. कडेवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, सहा-सात वर्षांपुढचा टायर मी ओल्या रस्त्यावर नेत नाही. या गाडीला एबीएस नाही, डोक्यावर छप्परही नाही.

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं. दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी.

नळ्या आणि पत्रा

सेव्हन ज्यामुळं संपते ते इंजिन नव्हे, सांगाडा. इंजिन दुसरं मिळतं.

सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर रिबिटांनी बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये मिठाचं पाणी गेलं की बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकतात, म्हणजे पाणी आयतंच. रिबिटाभोवती पांढरी पूड दिसली तर तिथं हे चालू आहे. दुसरीकडे, पावडर कोटिंगला दगडानं टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि कोटिंगखाली पसरतं. वरून काळं तुकतुकीत दिसतं, नख लावलं की पापुद्रा सुटतो आणि आत गंज.

बघायच्या जागा ठरलेल्या: पाय ठेवायच्या खोबणीचे पुढचे कोपरे, सीटमागचा तळ, विशबोन जिथं सांगाड्याला जोडतात ते कान, मागच्या चाकांसमोरची नळी. नख, नाहीतर बोथट स्क्रूड्रायव्हर. टोचून बघायला लाजू नका.

टवका लहान असेल तर गंज घासून लख्ख करा, जस्ताचा प्रायमर, वरून रंग. रिबिटाभोवती पूड असेल तर रिबिटाचं डोकं ड्रिलनं उडवा (बहुतेक रिबिटं ३.२ मिलिमीटरची असतात), पत्रा जरा उचला, साफ करा, मध्ये ड्युरालॅक (दोन धातू वेगळे ठेवणारा गंजरोधक लेप) भरा आणि नवं रिबिट मारा. एका वेळी चार-पाचच काढा, सगळा पत्रा उकलायला बसू नका. नळी टोचल्यावर आत गेली तर मात्र थांबा. ते वेल्डिंग सांगाड्याचं काम येणाऱ्याकडेच द्यायचं. गल्लीतल्या सायलेन्सरवाल्याकडे नाही.

पिठाच्या पिशव्या

सस्पेन्शनला हात लावला की चारही चाकांवरचं वजन पुन्हा बघावं लागतं. चालक एका बाजूला बसतो, आणि इतक्या हलक्या गाडीत त्याचं वजन म्हणजे गाडीच्या वजनाचा आठवा हिस्सा. म्हणून मोजताना सीटवर माणसाइतकं वजन हवं. मी लेस्टरहून आणलेल्या दहा किलोच्या कणकेच्या सात पिशव्या सीटवर रचतो. काम झालं की त्या स्वयंपाकघरात जातात. बायकोला हा हिशेब पसंत आहे.

चार वजनकाटे समपातळीत ठेवा, टायरची हवा आधी बरोबर करा. पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी यावी. कमी-जास्त असेल तर स्प्रिंगच्या तळाची चकती थोडी थोडी फिरवायची. एक चकती फिरवली की चारही आकडे हलतात, म्हणून घाई नको. चाकांची दिशा तपासायला गवंड्याची सुतळी पुरते: दोन्ही बाजूंना गाडीला समांतर ताणायची आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून अंतर मोजायचं.

हिवाळा, आणि मग पहिला स्टार्ट

नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायच्या आधी माझी गाडी गॅरेजात जाते. सॉर्न जाहीर केलं, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवलं, की रस्त्याचा कर थांबतो आणि विम्याची सक्तीही. पण चोरी आणि आगीपुरता विमा ठेवा, आणि तो ठरलेल्या किमतीचा घ्या. बाजारभावाचा असला तर जोडणीच्या कष्टांची किंमत कुणी धरत नाही.

आत घेण्यापूर्वी तळ धुऊन दोन दिवस वाळवा. टाकी भरा, तेही महाग पेट्रोलनं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनी रबरी नळी खातं आणि पाणी धरतं. बॅटरीला मंद चार्जर लावा, कारण इमोबिलायझर गाडी झोपली तरी जागा असतो. हँडब्रेक सोडा, चाकाला ठोकळा लावा. प्लॅस्टिकचं आवरण नको, त्याखाली घाम धरतो. हवेच्या नळकांड्याच्या तोंडाला जाळी बांधा. एका वर्षी उंदरांनी माझ्या एअर फिल्टरमध्ये बाळंतपण उरकलं होतं.

मार्चमध्ये किल्ली लगेच मारायची नाही. इंधनपंपाचा फ्यूज काढा, स्पार्क प्लग सोडवा आणि ऑइलच्या दाबाचा काटा उठेपर्यंत स्टार्टरनं इंजिन थोडं थोडं फिरवा. मग प्लग लावा, फ्यूज बसवा, चालू करा. दहा मैल सावकाश. परत येऊन चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचनं बघा आणि टॉर्च घेऊन सगळ्या रेघा बघा. बाजूच्या सायलेन्सरपासून पोटऱ्या सांभाळा. इथल्या मंडळींनी त्या चटक्याला 'केटरहॅम किस' असं लाडाचं नाव दिलंय, मला तो दोनदा मिळालाय.

रेघा बघायचं काम आता माझ्या मुलीकडे आहे, ती गाडीखाली माझ्यापेक्षा सहज मावते. गेल्या वसंतात तिनं मागच्या उजव्या रेडियस आर्मची तुटलेली रेघ शोधली आणि पुढच्या वेळेसाठी एक सुधारणाही सुचवली. मार्कर पिवळा घ्या. जस्त चढवलेल्या नटावर पांढरा दिसत नाही.